चित्राबरहुकूम जंगल

कार्टूनमधल्या वाघाला वजन नसते. ही गोष्ट उमेदीच्या वर्षांत, मुंबईतील जाहिरातपटांच्या एका लहानशा चित्रशाळेत सेल्युलॉइडच्या पारदर्शक तावांवर रंग भरीत असताना, माझ्या हातांना ठाऊक होती. परंतु तिचा पुरता अर्थ ध्यानात येण्यास पन्नाशी उलटावी लागली, आणि तोही कळला बंगळूरच्या एका काचबंद, थंडगार कचेरीत, जेथे शेजारच्या मेजावरील एक तरुण दिवसचे दिवस केवळ एवढ्याच प्रश्नाशी झुंजत बसलेला असे की, काळ्या बिबट्याने फांदीवर पाय टाकला असता ती फांदी किती वाकावी, किती वेळाने सरळ व्हावी आणि तिच्यावरील पानांपैकी कोणती आधी हलावीत. सेलवर चितारलेल्या बिबट्याच्या बाबतीत हा प्रश्न कोणी काढला असता तर आम्ही त्याला वेड्यातच काढले असते. फांदी वाकलेली हवी असेल तर वाकलेली रंगवावी. नको असेल तर तो बिबट्या काडीएवढ्या डहाळीवर सुखेनैव निजेल, आणि पाहणाऱ्या मुलाला त्यात काहीही वावगे वाटणार नाही.

ते काम 'द जंगल बुक' या चित्रपटाचे होते. डिस्नेच्या चित्रशाळेने १९६७ साली याच नावाचे जे कार्टून काढले, आणि ज्यातील नाचरे अस्वल व गाणारा माकडांचा राजा अर्ध्या जगाच्या बालपणात जाऊन बसले, त्याचे लाइव्ह-ॲक्शन चित्रपटात रूपांतर करण्याचे दिग्दर्शक जॉन फॅव्हरो यांनी हाती घेतले होते. आणि तो चित्रपट २०१६च्या एप्रिलात, अमेरिकेच्याही एक आठवडा आधी, आपल्याकडे प्रदर्शित झाला. लाइव्ह-ॲक्शन हे नाव मात्र येथे फार मोकळ्या हाताने घेतले पाहिजे. त्या अवघ्या चित्रपटात जिवंत म्हणावा असा प्रायः एकच प्राणी होता, तो म्हणजे मोगलीचे काम करणारा नील सेठी हा न्यूयॉर्कचा मुलगा. आणि तोही जंगलात नव्हे, तर लॉस एंजेलिस शहराच्या ऐन मध्यवस्तीत एका स्टुडिओत, निळ्या पडद्यांच्या वेढ्यात, जिम हेन्सन यांच्या नावे चालणाऱ्या कार्यशाळेने घडविलेल्या बाहुल्यांशी बोलत वावरला होता. बाकीचे सारे, म्हणजे लांडग्यांचा कळप, वाघ, नदी, पाऊस, धूळ आणि शेवटचे गवताचे पातेसुद्धा, संगणकावर घडवायचे होते. माकडांच्या राजाचा भाग न्यूझीलंडच्या वेटा डिजिटलकडे होता. उरलेल्या कामाचा फार मोठा वाटा लंडनच्या एमपीसी या संस्थेकडे, आणि तिच्या कामातला एक हिस्सा बंगळूरला होत असे. तेथील झाडापानांच्या खात्यात मी रुजू झालो. मराठी मुले मला काका म्हणत, बाकीची सर म्हणत. आणि माझ्या वयाची दुसरी व्यक्ती त्या मजल्यावर एक होती, ती म्हणजे दारावरचे पहारेकरी.

आम्हांस जो हुकूम होता तो दुहेरी होता. चित्रपट असा दिसला पाहिजे की, जणू कोणी कॅमेरा खांद्यावर घेऊन खरोखरीच अरण्यात शिरला आणि जे दिसले ते टिपून परतला. आणि त्याच वेळी, ज्याने लहानपणी कार्टून पाहिले आहे अशा प्रेक्षकाला आपले जुने मित्र भेटल्याचा आनंद झाला पाहिजे. वरवर पाहता या दोन आज्ञा एकमेकींच्या सख्ख्या बहिणी वाटतात. प्रत्यक्षात त्या सवती होत्या, आणि त्यांचा संसार चालविणे हेच आमच्या नोकरीचे सार होते.

पहिली अडचण अशी की, ज्याला 'मूळ' म्हणून आम्ही प्रमाण मानीत होतो ते स्वतःच आपल्या मुळाशी फारकत घेऊन जन्मास आले होते. वॉल्ट डिस्ने यांचा मृत्यू १९६६च्या डिसेंबरात झाला आणि त्यांच्या देखरेखीखाली तयार झालेले हे शेवटचे कार्टून त्यानंतर दहा महिन्यांनी पडद्यावर आले. किपलिंगचे पुस्तक वाचण्याच्या भानगडीत पडू नका, असे त्यांनी आपल्या माणसांस बजावले होते, ही हकीकत त्या व्यवसायात सर्वतोमुखी आहे. आणि बिल पीट या त्यांच्या जुन्या कथाकाराने जो पहिला मसुदा केला होता तो पुस्तकासारखाच गडद व गंभीर असल्यामुळे नामंजूर झाला, व पीट यांनी ती नोकरीच सोडली. किपलिंगच्या माकडांना राजा नाही, किंबहुना त्यांना राजा नाही, कायदा नाही आणि स्मरणशक्ती नाही हेच त्यांचे लक्षण. कार्टूनने त्यांना ओरांगउटान जातीचा राजा दिला, जो प्राणी बोर्निओ आणि सुमात्रा सोडून कोठेच आढळत नाही. किपलिंगचा अजगर हा मोगलीचा वृद्ध व भयंकर मित्र. कार्टूनने त्याचा हास्यास्पद खलपुरुष केला. आता आमच्या चित्रपटात हा राजा ठेवायचा, कारण प्रेक्षक त्याची वाट पाहणार. परंतु ओरांगउटान भारतात नाही, म्हणून त्याची जात बदलून तो जायगँटोपिथेकस या लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या महाकाय वानराचा वंशज ठरविण्यात आला. चूक दुरुस्त करण्याची ही तऱ्हा मला आजही मोठी विलोभनीय वाटते. जो प्राणी या देशात नाही तो खटकतो म्हणून त्याच्या जागी जो प्राणी या पृथ्वीतलावरच नाही तो आणावा, आणि सर्वांचे समाधान व्हावे!

चित्रकाराच्या दृष्टीने खरा फरक मात्र रेषेचा होता. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते गृहस्थ फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागाच्या परंपरेतले; आणि त्या विभागाला १९५६ साली तालीम देण्यास डिस्नेच्या चित्रशाळेत काम केलेले क्लेअर वीक्स हे मुंबईस आले होते, त्यामुळे आमच्या गुरूंच्या बोलण्यात रेषा हे सर्व प्रश्नांचे उत्तर असे. प्राणी पार्श्वभूमीपासून सुटा दिसत नाही? रेषा जाड करा. हात पोटावर आला की हरवतो? रेषेने तो कापून काढा. १९६७च्या कार्टूनमध्ये तर पेन्सिलीची मूळ रेषा झेरॉक्सच्या क्रियेने थेट सेलवर उतरविलेली आहे. बारकाईने पाहणाऱ्यास ती थरथरताना, कोठे दुहेरी झालेली दिसते, आणि त्या खरखरीत सजीवपणावर माझे अद्यापि प्रेम आहे. कॅमेऱ्याने पाहिलेल्या जगात ही रेषाच नाही. काळा बिबट्या, रात्रीचे अरण्य, काळे बुंधे: यांत बघीरा कोठे संपतो आणि अंधार कोठे सुरू होतो हे सांगावे कोणी? कार्टूनने त्याला निळसर रंग व काळी किनार देऊन प्रश्न सोडविला होता. ती मुभा आम्हांस नव्हती. मग रेषेचे काम प्रकाशाकडे सोपविण्यात आले. चंद्र नेमका त्याच्या पाठीमागे असावा, केसांच्या टोकांवर उजेडाची एक बारीक कड यावी, अंग पावसाने ओले असावे म्हणजे खांद्याचा उंचवटा चमकेल, आणि प्रकाश तिरपा पडला की त्या काळ्या कातडीखालचे बिबट्याचे ठिपके क्षणभर दिसून जावेत, जसे ते खऱ्या काळ्या बिबट्याच्या अंगावर दिसतात. चित्रपटात चंद्र वारंवार किती सोयीस्कर ठिकाणी उगवतो हे कोणाच्या लक्षात आले नसेल, तर आमचे काम सफल झाले असे समजावे.

भालूच्या नदीत तरंगण्याच्या प्रसंगाचे काम माझ्याकडे नव्हते, तरी काठची झाडे माझी असल्यामुळे त्याची सारी बाळंतपणे मी पाहिली. अस्वल उताणे पाण्यावर पडले आहे, पोटावर मुलगा पहुडला आहे आणि दोघे गात प्रवाहाबरोबर चालले आहेत, हा कार्टूनमधला प्रसंग इतका प्रिय की तो गाळण्याची छाती कोणास होणार नाही. कार्टूनमध्ये अस्वल तरंगते, कारण चित्रकाराची तशी इच्छा आहे. येथे पाण्याने आधी अस्वलाचे वजन विचारले. भिजल्यावर केस फुगलेले राहत नाहीत, त्यांच्या बटा होतात आणि भिजलेल्या घोंगडीसारखे सारे अंग लोंबू लागते. परंतु पोट, ज्यावर मुलगा बसला आहे, ते कोरडे व उबदार दिसले पाहिजे, नाहीतर त्या प्रसंगातला लळा जातो. म्हणजे ओले आणि कोरडे यांच्यामधील एक सीमा अस्वलाच्या अंगावर आखावी लागली, आणि पाणी हलले की ती वरखाली सरकवावी लागली. त्यातून मुलगा खरा, स्टुडिओतल्या कुंडात कृत्रिम आधारावर पडलेला. त्याच्या पाठीखाली अस्वलाचे केस जेथे दबतात तेथे ते दबलेच पाहिजेत, एरवी मुलगा अस्वलावर नसून अस्वलाच्या चित्रावर बसला आहे असे डोळ्यांस तत्काळ कळते. सेकंदाच्या चोवीस चौकटी, आणि त्यांतली एकेक चौकट संगणकाने पुरी करण्यास कित्येक तास. हा हिशेब पाहून मला अनेकदा वाटे की, १९६७च्या त्या चित्रकारांनी दोन वळणदार रेषांत जे पोट काढले, ते खरे करून दाखविण्यासाठी आम्ही जणू एक सरकारी खाते उघडले होते.

सर्वच गोष्टी अशा वजनदार करता येत नाहीत, हेही त्या कामाने शिकविले. कार्टूनमधले हत्ती हे पेन्शनीत निघालेल्या इंग्रज कर्नलाचे विडंबन. ते कवायत करतात, पदके मिरवतात, हुकूम सोडतात. खऱ्या हत्तीची कातडी, खरा डोळा आणि खरे पाऊल आले की हे विडंबन उभेच राहत नाही. चित्रपटात हत्ती बोलत नाहीत. इतर प्राणी त्यांना वाट देतात व मान लववितात. गिधाडांची गायक-मंडळी, जी त्या काळच्या बीटल्सची नक्कल करीत असे, ती गळाली. प्राण्यांच्या तोंडून भाषा वदविण्याचाच प्रश्न मोठा बिकट होता. पूर्वीच्या रूपांतरकारांनी तो टाळला होता: १९९६च्या डाल्मेशियनांच्या लाइव्ह-ॲक्शन चित्रपटात कुत्रे बोलत नाहीत. आमच्या वाघाला मात्र बोलायचे होते, आणि वाघाला भुवया नसतात. कार्टूनमधला शेरखान तुच्छतेने एक भुवई उचलतो, त्यात त्याचे निम्मे चरित्र आहे. ते सारे आता कानांच्या हालचालीवर, श्वासावर आणि नजर वळविण्याच्या संथपणावर आणून ठेवावे लागले. हे काम करणाऱ्या मुलांनी वाघांची चलच्चित्रे इतकी पाहिली होती की, उपाहारगृहातल्या मांजरीकडेही ती संशयाने पाहत.

आता माझ्या झाडांविषयी.

माझा जन्म भंडारा जिल्ह्यातला, वैनगंगेच्या काठचा. किपलिंगच्या मोगलीचे अरण्य शिवनीचे, आणि त्याची नदी हीच वैनगंगा. ती शिवनी जिल्ह्यात उगम पावून आमच्याकडे येते. शिवाय ज्या जे. जे. कलाशाळेच्या आवारात १८६५ साली किपलिंगचा जन्म झाला, कारण त्याचे वडील तेथे शिक्षक होते, तेथेच मी चित्रकला शिकलो. या दोन योगायोगांचे त्या कचेरीत फार कौतुक झाले, आणि त्यांचा कामात कवडीचाही उपयोग झाला नाही. झाले उलटेच. ज्या जंगलात मी वाढलो ते सागाचे, ऐनाचे, धावड्याचे, मोहाचे आणि तेंदूचे कोरडे पानझडीचे जंगल. माघ-फाल्गुनात त्याची पाने गळतात. वैशाखात साग उघडावाघडा उभा राहतो, जमिनीवर गुडघाभर पाचोळा साचतो, आणि त्यातून साधी घोरपड गेली तरी माणूस चालल्यासारखे वाजते. हिरवे दिसते ते नाल्याच्या काठाला, जांभळीच्या आणि अर्जुनाच्या सावलीत. वेली आहेत, परंतु मुलाने झोके घेत कोसभर जावे अशा नाहीत. याउलट कार्टूनमधले जंगल म्हणजे बाराही महिने ओलेचिंब, मोठ्या पानांचे, फुलांनी लवलेले. ते रंगविणाऱ्यांनी शिवनी पाहिली नव्हती आणि पाहण्याचे त्यांना कारणही नव्हते. गंमत अशी की, किपलिंगनेही ही अरण्यकथा लिहिली ती अमेरिकेत, व्हर्मांटच्या बर्फाळ प्रदेशात, आणि शिवनीचा तपशील घेतला तो बराचसा इतरांच्या ग्रंथांतून. म्हणजे आम्ही ज्याची नक्कल करीत होतो ती नकलेची नक्कल होती.

आमच्यासमोर भारतातील खऱ्या अरण्यांत काढलेल्या छायाचित्रांचे ढीग होते आणि त्यांवरून एकेक झाड, एकेक साल, एकेक पान घडविले जात असे. पानामागची शीर, किड्याने खाल्लेली कड, उन्हात पान धरले असता त्यातून झिरपणारा पिवळसर उजेड, यांत कसूर खपत नसे. सुटे पान घेतले तर वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकालाही नाव ठेवता आले नसते. परंतु ही खरी पाने जोडून जे अरण्य उभे राहत होते ते कोठलेच नव्हते. केरळची एक मुलगी माझ्या ओळीत बसे. ती म्हणे, हे तर आमच्या घरामागचे. आसामच्या मुलाला त्यात आपला प्रदेश दिसे. मला मात्र काहीच दिसेना. आणि म्हणून मी एक दिवस, हुकुमाची वाट न पाहता, एका प्रसंगाच्या पार्श्वभूमीला सागाची निष्पर्ण रांग उभी केली. बुंधे करडे, फांद्या उघड्या, तळाशी वाळून बोटे मिटल्यासारखी वळलेली मोठमोठी पाने. चार-दोन दिवस त्यावर खपलो आणि ते चित्र सायंकाळच्या डेलीजला, म्हणजे लंडनच्या वरिष्ठांकडून रोज होणाऱ्या कामाच्या पाहणीत, पुढे ठेवले.

पडद्यापलीकडचे गृहस्थ सौजन्यशील होते. त्यांनी चित्र पुष्कळ वेळ पाहिले, साल पाहिली, पाचोळा पाहिला, आणि म्हणाले, "झाड अस्सल आहे. पण या चित्रात ते आजारी दिसते."

मला राग आला, हे सांगितले पाहिजे. ज्या झाडाचे कोवळे पान चुरगळून आम्ही लहानपणी हात लाल करून घेत असू, ते झाड वैशाखात तसेच दिसते आणि त्याला काहीही झालेले नसते, हे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांनी ते मान्यही केले. परंतु रात्री तेच चित्र पुन्हा उघडून पाहता त्यांचे म्हणणे मला पटू लागले. आजूबाजूला कार्टूनच्या आठवणीतले हिरवे, समृद्ध, निजावेसे वाटणारे जंगल, आणि त्यात माझी ती रांग: पाहणाऱ्याची नजर तेथे अडखळून विचारी की, येथे आग लागली होती काय? एखादी वस्तू खरी असणे आणि ती चित्रात खरी वाटणे यांत अंतर आहे हे कलाशाळेत पहिल्या वर्षी शिकवितात. परंतु ते आपल्या गावच्या झाडाला लागू पडेल असे कोणास वाटते? कार्टूनचे जंगल हे मुळी स्थळ नव्हतेच. ते एका मुलाचे लाड करणारे घर होते, आणि त्याचे खरेपण त्या लाडांत होते. आमचे इमान त्या घराशी असावे, हा निर्णय योग्य होता असे माझे आजचे मत आहे. जाहिरातींत मात्र त्याला भारताचे खरेखुरे अरण्य म्हणून मिरवावे, हे काही मला आजही रुचत नाही.

सागाची ती रांग काढून टाकली. पण तिचा पाचोळा मी फेकला नाही, आणि लवकरच त्याला जागा मिळाली. कार्टूनमध्ये नसलेला एक प्रसंग या चित्रपटाने किपलिंगच्या दुसऱ्या, १८९५ सालच्या पुस्तकातून उचलला आहे: अवर्षणाने नदी आटते, पात्रातील एक शिला उघडी पडते, आणि ती दिसली की जलतह सुरू होतो, म्हणजे पाणवठ्यावर कोणी कोणाची शिकार करावयाची नाही. पुस्तकात ही शिला वैनगंगेच्याच पात्रातली आहे. माझ्या दृष्टीने त्या साऱ्या दीर्घ कामात हीच एक जागा अशी होती की जेथे दोन्ही हुकूम एकमेकांशी भांडत नव्हते, कारण येथे जुळवून घ्यायला जुने चित्रच नव्हते. उन्हाळा हवा होता, आणि उन्हाळा मला येत होता. पाणी मागे हटताना काठच्या चिखलावर एकाखाली एक ओळी राहतात. वरची ओळ पांढुरकी व भेगाळलेली, खालची अजून ओलसर, आणि जनावरांचे खूर सगळ्यांत खोल रुततात ते मधल्या पट्ट्यात, कारण वरचा चिखल टणक झालेला असतो व पाण्याजवळचा पायाचा ठसा धरून ठेवीत नाही. धूळ काठावर पिवळी दिसते, झाडीच्या सावलीत निळसर. हरणाचा कळप पाण्यावर येताना कधी सरळ येत नाही. थांबतो, परततो, पुन्हा येतो, आणि त्यामुळे त्याची वाट नागमोडी झिजलेली असते. हे सर्व मी कागदावर रेखाटून दिले, आणि माझ्या ओळीतल्या मुलांनी, ज्यांच्यापैकी पुष्कळांनी आटलेली नदी जवळून पाहिली नव्हती, ते मोठ्या हौसेने घडविले. त्यातले पडद्यावर किती उरले हे मी सांगू शकेन. पण ते ऐकण्यात कोणालाही स्वारस्य वाटू नये इतके ते थोडे आहे. डाव्या कोपऱ्यातला पाचोळा माझा.

याच सुमारास मला आणखी एक शोध लागला, आणि त्याने माझ्या बऱ्याच वादांतली हवा गेली. कचेरीतली तिशीच्या आसपासची मुले उठताबसता "आपल्या लहानपणचे कार्टून" म्हणत, तेव्हा ती १९६७च्या डिस्नेपटाविषयी बोलत नसतच. त्यांचा मोगली दूरदर्शनवरचा होता: जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनने १९८९-९०मध्ये काढलेली मालिका, जी हिंदीत भाषांतर होऊन १९९३च्या सुमारास रविवारी सकाळी घरोघर लागे, गुलजारांच्या शब्दांतले व विशाल भारद्वाज यांच्या चालीतले शीर्षकगीत घेऊन, आणि नाना पाटेकरांच्या आवाजातला शेरखान घेऊन. अमेरिकन पद्धतीचे डुलणारे अस्वल त्यांनी नंतर कधीतरी पाहिलेले. म्हणजे ज्या चित्राशी इमान राखण्यासाठी ही मुले रात्रीच्या रात्री जागत होती, ते त्यांच्या बालपणाचे चित्रच नव्हते. ते कोण्या दुसऱ्याच्या बालपणाचे होते, आणि त्याची जोपासना करण्याचा पगार यांना मिळत होता. याबद्दल कोणी खंत केल्याचे मला आठवत नाही. वितरकांनी मात्र नेमके ओळखले. हिंदी आवृत्तीसाठी ते गाणे नव्याने ध्वनिमुद्रित झाले, शेरखानाला पुन्हा नाना पाटेकर लाभले, भालूला इरफान खान आणि बघीराला ओम पुरी. आणि आपल्याकडील प्रेक्षक जे कार्टून आठवून चित्रगृहात गेला ते, चित्रपट ज्याचे रूपांतर होता, ते नव्हे.

अभ्यवेक्षण मंडळाने चित्रपटास 'यूए' असे प्रमाणपत्र दिले, म्हणजे लहान मुलांनी तो वडीलधाऱ्यांच्या सोबतीने पाहावा. वर्तमानपत्रांतून त्याची थट्टा झाली. मला स्वतःला ती तितकीशी हसण्यासारखी वाटली नाही. कार्टूनमधला शेरखान झेपावतो तेव्हा मूल किंचाळून हसते, कारण त्या झेपेला वजन नाही आणि ते त्याला पुरते ठाऊक आहे. आम्ही त्याच झेपेला प्रत्येक स्नायूचा, प्रत्येक केसाचा आणि तुटणाऱ्या डहाळीचा भार दिला होता, आणि तो भार कोठेतरी पडावा हे आम्हांस नको होते असे थोडेच होते! मुले भ्याली, तर त्या फांदीशी झुंजणाऱ्या तरुणाचे श्रम सार्थकी लागले असेच म्हणावे लागेल.

चित्रपट मी नागपुरास मामांबरोबर पाहिला. मामा वनखात्यातून वनपाल म्हणून निवृत्त झालेले. त्यांची उभी हयात नागझिऱ्याच्या बाजूच्या जंगलांत गेली. माझ्याविषयीच्या कौतुकापोटी ते आले होते, परंतु अंधार झाल्याबरोबर त्यांच्यातला भाचा-प्रेमी मामा गेला आणि वनपाल जागा झाला. अस्वल तपकिरी काहून, म्हणाले. आपल्याकडचे काळे असते, छातीवर पांढरा नाल असतो. मी सांगितले की किपलिंगनेच तपकिरी लिहिले आहे. लांडगे एवढ्या दाट झाडीत राहत नाहीत, त्यांना माळरान लागते, म्हणाले. ते मी कबूल केले. वेली पाहून ते काही बोललेच नाहीत, आणि ते मौन मला बोलण्यापेक्षा अधिक झोंबले. पुढे भालूच्या सांगण्यावरून मोगली कड्यावर चढतो आणि तेथे लोंबणारी मधाची पोळी पाडतो तो प्रसंग आला, तेव्हा मात्र मामा खुर्चीत पुढे सरकले.

"हे बरोबर आहे," ते म्हणाले. "आग्या मोहोळ अस्संच कड्याला लटकते. हे तू सांगितलं का त्यांना?"

मी नाही म्हटले. त्या कामाशी माझा संबंध नव्हता.

मामांनी थोडा वेळ विचार केला. मग त्यांना पुढची शंका आली. "पण पोट्ट्यानं धूर काहून नाही केला? धूर केल्याबिगर आग्या मोहोळाले हात कोन लावते?"

"मामा, त्याला विस्तवाची बंदी आहे. लाल फुलाजवळ जायचं नाही, असं त्याला बजावून ठेवलंय. सगळी गोष्ट त्यावरच आहे."

"असं होय," मामा म्हणाले, आणि मागे टेकून बसले. "मंग बरोबर आहे."